लोकांच्या पसंतीचा माल बंद का होतो? (छोट्या ग्राइंडरच्या निमित्ताने)

आपल्या व्यापारी बांधवांमध्ये एक समज फार पक्का आहे. माल चांगला असेल आणि गिऱ्हाईक खूश असेल तर तो माल चालतच राहणार. माल बंद पडला म्हणजे त्यात काही तरी ऐब होता, नाही तर कारखानदार बुडाला. हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजावर दुकान भरणाऱ्याचा पैसा अडकून पडतो. लोक ज्याची तारीफ करतात, ज्यात खोट नाही, जो विकताना तोटाही होत नाही, असा माल दरवर्षी बाजारातून उठून जातो. तो का उठतो आणि त्याचा झटका दुकानदाराला व मिस्त्रीला कसा बसतो, हे आज पाहू.

कापडवाल्याने ग्राइंडरवर लिहावे हे काहींना अजब वाटेल. पण तागा असो की यंत्र, मालाच्या जगण्या-मरण्याचा हिशेब सारखाच असतो. शिवाय ग्राइंडरचा दाखला घराघरातला आहे, तो समजायला सोपा.

धर्माबादला दळणे-कुटणे नवे नाही. लाल मिरचीची ही बाजारपेठ. मिरचीची पोती उतरतात, बाया देठ खुडतात, मोठ्या यंत्रांवर पूड होते आणि गोण्या भरून माल बाहेर जातो. ती दुनिया क्विंटलची. दळण्याची दुसरी एक दुनिया आहे ती पावशेर-अर्ध्या किलोची. अत्ताराकडे गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येते, त्याला सनाची पाने, सोंफ, हरडा यांचे सफूफ करून द्यायचे असते. लग्नाच्या दावतीचा बावर्ची शाहजिरे, जायफळ, दगडफूल ऐन वेळेला दळून घेतो, कारण आधी दळून ठेवलेल्या मसाल्याचा वास उडतो. कुणी सुका पुदिना दळतो, कुणी कसुरी मेथी, कुणी अजवाइन. पूर्वी हे सगळे हावनदस्त्यात आणि खरलात होत असे. मग विजेचे छोटे ग्राइंडर आले आणि हावनदस्ता कपाटावर गेला.

हे छोटे यंत्र आवडते होण्याचे कारण साधे आहे. घरचा मोठा मिक्सर मिनिटाला सुमारे 18 ते 20 हजार फेरे घेतो. त्याच्या उंच भांड्यात मूठभर सुकी पाने टाकली तर ती उडून झाकणाला चिकटतात आणि पाते मोकळेच फिरत राहते. जास्त वेळ फिरवले तर भांडे तापते आणि जडीबुटीतला तेलाचा अंश, म्हणजे तिची खुशबू आणि बराचसा असर, उडून जातो. लहान, बुटक्या भांड्यात माल पात्याजवळ राहतो, थोड्या वेळात दळला जातो, तापत नाही. हकीम, अत्तार, बावर्ची यांना नेमके हेच हवे असते. म्हणून असे यंत्र ज्याच्याकडे असते तो त्याची तारीफ करताना थकत नाही.

आणि तरीही कंपन्यांच्या यादीतून पहिले नाव बहुतेक वेळा अशाच यंत्राचे कापले जाते.

सुमीतची हकीकत

दाखला दूरचा शोधायला नको, महाराष्ट्रातलाच आहे. 1960 च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर सीमेन्स कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंकडे जर्मन बनावटीचा ब्राऊनचा मिक्सर होता. आपल्या घरातली हळद, भिजवलेली डाळ, खोबरे यांपुढे त्याची मोटर टिकली नाही, ती जळाली. परदेशातले मिक्सर सरबत आणि मऊ पदार्थांसाठी बनवलेले. आपल्या मसाल्याची मार त्यांना सोसवत नव्हती. माथुरांनी हिंदुस्थानी स्वयंपाकघराला पेलेल अशी दणकट मोटर बांधली. पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस नावाच्या त्यांच्या फर्मने ‘सुमीत’ या नावाने मिक्सर बाजारात आणला. पुढे 1980 च्या दशकापर्यंत असे झाले की बायका मिक्सरला मिक्सर न म्हणता सुमीतच म्हणत. मुलीच्या जहेजमध्ये सुमीत द्यायचा म्हणजे शान समजली जाई. (जहेजची रस्म चांगली की वाईट, तो विषय वेगळा. या पानावर तो नको.)

याच नावाचे एक लहान यंत्र, ‘सुमीत मल्टी ग्राइंड’, अमेरिका-कॅनडातही विकले जात असे. ओले वाटण आणि सुका मसाला दोन्ही त्यात होई. आपल्याकडून तिकडे गेलेली कुटुंबे ते वापरत, आणि आशियाई जेवण बनवण्याचा शौक असलेले गोरे लोकही वापरत, कारण थाई किंवा हिंदुस्थानी वाटण तिकडच्या यंत्रांना जमत नसे. ज्यांच्याकडे ते होते ते त्यावर फिदा होते. पण ते बाजारातून गेले, आणि ज्यांना नवे हवे होते त्यांना जुन्यावर समाधान मानावे लागले.

असे का झाले असेल याचा विचार व्यापाऱ्याच्या नजरेने करावा. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची. म्हणजे तिकडच्या मालासाठी मोटरचे वाइंडिंग वेगळे, प्लग वेगळा, तिकडच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तपासणी वेगळी, सुटे भाग ठेवणारा माणूस तिकडे वेगळा. इतके सगळे वेगळे करायचे आणि गिऱ्हाईक किती? तर हौशी लोक आणि परदेशी गेलेली आपली घरे. तारीफ मोठी, पण बाजार मुठीएवढा.

मूळ सुमीतवर दुसरेच संकट आले. नावाचा मालक कोण, यावरून एकाच कुटुंबातल्या दोन कंपन्यांमध्ये झगडा झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी 1994 मध्ये कोर्टाने जुन्या फर्मच्या बाजूने मनाईहुकूम कायम केला. व्यापारी चिन्हाचा उगम एक आणि मालक एक असला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आले आहे. ट्रेडमार्कच्या खटल्यांत वकील आजही त्याचा हवाला देतात. घर कोर्टात असताना बाजार थांबत नसतो. तोवर दक्षिणेकडच्या आणि दिल्लीकडच्या कंपन्यांनी स्वस्त मिक्सर काढून दुकानांतली फळी धरली होती. सुमीत हे नाव पुढेही मालावर दिसत राहिले, पण नावानेच वस्तू ओळखली जावी असा तो पूर्वीचा दबदबा राहिला नाही. आपल्या बिरादरीत भावाभावांची दुकाने एकाच पाटीवर चालतात आणि वडिलांच्या पश्चात पाटीवरून वाद होतो. ही हकीकत त्यांनी जरा थांबून वाचावी. पाटी कुणाची हे वडील हयात असतानाच कागदावर लिहून घेण्यात बेअदबी नाही. उधारी-व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम तर आपल्याला दिलेलाच आहे.

तोटा नसताना माल का बंद करतात

आता खरा मुद्दा. बहुतेकांना वाटते की माल तोट्यात गेला म्हणून बंद झाला. पुष्कळदा तो तोट्यात नसतोच. एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, कुठल्या कंपनीचे नव्हेत.

समजा एका कारखान्यात महिन्याचे कामाचे दिवस 25. त्यातले 5 दिवस ओळीवर छोटे ग्राइंडर तयार होते, महिन्याला 300 नग. एका नगामागे 250 रुपये सुटतात. झाले 75 हजार. आता या ग्राइंडरसाठी जे वेगळे करावे लागते ते वजा करा. साच्यांची झीज आणि डागडुजी 15 हजार, वेगळी खोकी व छापील कागद 8 हजार, सुट्या भागांचा साठा आणि गोदाम 12 हजार, दुरुस्ती केंद्रांचा खर्च 10 हजार. एकूण 45 हजार गेले, 30 हजार राहिले. म्हणजे नफा आहे. आपल्यासारखा छोटा दुकानदार म्हणेल, अल्हम्दुलिल्लाह, चालू द्या.

पण कारखान्याचा मुनीम दुसरी बाजू मांडतो. त्याच 5 दिवसांत त्याच ओळीवर मोठा मिक्सर काढला तर 600 नग होतात, नगामागे 200 रुपये सुटतात, म्हणजे 1 लाख 20 हजार. आणि त्याला वेगळा खर्च नाही, कारण त्याचे साचे, खोकी, दुरुस्ती सगळे आधीच चालू आहे. म्हणजे ग्राइंडरचे 30 हजार मिळवण्यासाठी आपण 1 लाख 20 हजार सोडतो. मुनीमाच्या वहीत ग्राइंडर 90 हजारांचा घाटा दाखवतो, आणि तो घाटा दुकानात बसलेल्या माणसाला कधी दिसत नाही. तो म्हणतो, माल तर चांगला चालला होता!

हाच हिशेब आपण स्वतः दुकानात करतो, फक्त त्याला नाव देत नाही. फळीवर जागा मोजकी असते. वर्षाला चार थान विकल्या जाणाऱ्या चांगल्या कापडाच्या जागी महिन्याला चार थान खपणारे मध्यम कापड येते. चांगल्या कापडाचे गिऱ्हाईक येऊन हळहळते, आपणही त्याच्याबरोबर हळहळतो, पण फळी काही बदलत नाही.

असे असेल तर मग ग्राइंडर आजच बंद का होत नाही, इतकी वर्षे का चालतो? कारण साचे आधीच बनलेले असतात, त्यांचा पैसा वसूल झालेला असतो, आणि जुन्या साच्यावर जेवढे निघेल तेवढे काढून घ्यावे असा कारखान्याचा विचार असतो. खरा निकाल लागतो तो साचा झिजतो त्या दिवशी. समजा नवा साचा बनवायला 9 लाख लागतात. महिन्याला 30 हजारांप्रमाणे ते वसूल व्हायला 30 महिने, म्हणजे अडीच वर्षे. अडीच वर्षांनी हा बाजार राहील याची हमी कुणी देत नाही. मालक साच्याचा कागद बाजूला सारतो आणि यंत्र संपते. त्या दिवशी गिऱ्हाईक नाराज नसते, भांडवल बुडालेले नसते, कुणी माल परत केलेला नसतो.

दुसरे कारण याहून विचित्र आहे. माल टिकाऊ असणे हेच त्याच्या मुळावर येते. हकीम, अत्तार, बावर्ची यांनी दोन-तीन वर्षांत यंत्र घेतले की त्या गावचा बाजार भरला. यंत्र दहा वर्षे चालते. मधल्या काळात विकला जातो तो कार्बन ब्रश, एखादे पाते, भांड्याचा रबरी वॉशर. एवढ्या पैशांवर कारखाना चालत नाही. मिरची संपते म्हणून गिऱ्हाईक परत येते. ग्राइंडर संपत नाही म्हणून गिऱ्हाईक दुआ देते, पण येत नाही. दुआची बरकत मोठी आहेच, मात्र ती कारखान्याच्या वहीत जमेला लिहिता येत नाही. म्हणून कुठल्याही मालाबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. लोक तारीफ किती करतात हा एक, आणि लोक पुन्हा घ्यायला किती वेळा येतात हा दुसरा. पहिल्याच्या भरवशावर माल भरणारे फसतात.

एका कारीगराच्या हाती असलेली दोरी

तिसरे कारण कारीगरांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. ग्राइंडर कंपनीच्या नावाने विकला जातो, पण त्याचे सगळे भाग कंपनी बनवत नाही. पाते एक जण घडवतो, भांडे दुसरा दाबून काढतो, भांड्याच्या बुडातला पितळी बुश तिसरा खरादीवर उतरवतो, कपलर चौथ्याकडून येतो. मोठ्या मिक्सरचे भाग बनवणारे चार असतात, एक गेला तर तीन आहेत. छोट्या यंत्राचे खास पाते किंवा बुटके भांडे बनवणारा मात्र एखादाच. त्याने भाव वाढवला, धंदा सोडला, किंवा म्हणाला की एका वेळी पाच हजार नगांच्या खाली ऑर्डर घेत नाही, तर सगळे यंत्र अडते. एका वॉशरवाचून यंत्र बंद पडते तसे एका पुरवठादारावाचून मॉडेल बंद पडते.

आपल्या कापडाच्या इतिहासात याची मिसाल आहे. औरंगाबादचा हिमरू आणि दख्खन-गुजरातचा मशरू ही दोन्ही आपल्या लोकांची जुनी कापडे. मशरूची तर बनावटच शरियत समोर ठेवून झालेली. वरच्या बाजूला रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुताची, म्हणजे पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये. नावातच ‘शरियतने जायज’ हा अर्थ आहे. हिमरूवरची वेलबुट्टी विणायला जुन्या मागावर दोन माणसे लागत, एक धोटा टाकणारा आणि एक वर दोऱ्या ओढणारा. त्या दोऱ्यांची जुळणी, म्हणजे जाला, बांधणारा नक्शबंद वेगळाच. हा हुनर थोड्या घराण्यांत होता. गिऱ्हाईक होते, विणकर होता, पण जाला बांधणारा राहिला नाही तर ते डिझाइन पुन्हा मागावर चढत नाही. पुढे जॅकार्डच्या पट्ट्यांनी ते काम काही अंशी सांभाळले. तरी आज औरंगाबादेत हाताचा हिमरू विणणारे मोजकेच राहिले आहेत, आणि हिमरूच्या नावावर यंत्रमागाचे कापड सर्रास विकले जाते. पसंती कमी झाली म्हणून हे झाले असे कोण म्हणेल? शाल आजही लोक कौतुकाने हातात घेतात. भाव विचारतात आणि ठेवून देतात.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर किती तरी गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. ठरावीक गिरणीचा लट्ठा आणि ठरावीक शिक्क्याची मलमल मागणारी गिऱ्हाइके त्यानंतरही दुकानांत येत राहिली. कापड वाईट म्हणून बंद झाले नव्हते. आमच्या जिल्ह्यातली नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळातली. तीही बंद पडली. भोंगा थांबला तसा आसपासच्या हजारो घरांचा दिनक्रम बदलला.

चौथे कारण थोडक्यात. कंपनी विकली जाते तेव्हा नवा मालक मालाची यादी घेऊन बसतो. ज्या ब्राऊनच्या मिक्सरवरून सुमीतचा जन्म झाला तीच ब्राऊन 1967 मध्ये दाढीची पाती बनवणाऱ्या अमेरिकेच्या जिलेटने घेतली. जिलेट 2005 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या हाती गेली, आणि 2012 मध्ये ब्राऊनच्या घरगुती उपकरणांचे काम इटलीच्या डेलाँगीकडे आले. फ्रान्सची मूलिनेक्स भाजी गाळण्याच्या हाताच्या यंत्रापासून 1932 मध्ये उभी राहिली, घराघरात पोहोचली, आणि 2001 मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर तिचा मोठा भाग एसईबी या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने घेतला. अशा प्रत्येक फेरबदलात नव्या मालकाकडे त्याच कामाचे स्वतःचे यंत्र आधीच असते. दोन सारखी यंत्रे कोण ठेवील? मोठ्या मालकाला मोठा खप हवा असतो. शेदोनशे अत्तारांच्या नाराजीचा आवाज त्याच्या दफ्तरापर्यंत जात नाही.

दुकानदाराने ओळखायचे कसे

कंपनी ‘हा माल बंद करतो आहोत’ असे आगाऊ सांगत नाही. सांगितले तर गोदामातला माल कोण उचलेल? पण निशाण्या असतात. सुटा भाग मागितला तर पूर्वी आठ दिवसांत येत असे, आता ‘मागवला आहे’ असे उत्तर मिळते. पूर्वी तीन रंग होते, आता एकच उरतो. नव्या छापील यादीत ते यंत्र शेवटच्या पानावर जाते. मोठ्या मिक्सरबरोबर छोटा ग्राइंडर जवळपास फुकट देण्याची स्कीम येते. एजंट ‘दहा घ्या, दोन मोफत’ म्हणतो आणि त्या दिवशी फार घाईत असतो. यातली एखादी गोष्ट दिसली तर घाबरू नये, पण दोन-तीन एकदम दिसल्या तर नवी खरेदी थांबवावी आणि हातातला साठा संपवायला लागावे. आमच्याकडे कापडाची एखादी जात बंद व्हायची असली की शेवटच्या गाठींचा भाव अचानक खाली येतो. नवशिक्याला ती कमाईची संधी वाटते. जुना व्यापारी आधी विचारतो, याच्या जोडीचा रंग पुढे मिळेल का?

साठा संपवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे, आणि ऐब निघाला तर सौदा रद्द करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला फिकहने दिला आहे. यंत्र धडधाकट आहे पण त्याचे पाते आणि भांडे पुढे मिळणार नाही, हा ऐब आहे की नाही? माझ्या मते गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. सांगून, भाव थोडा उतरवून, जोडीला एक जादा भांडे देऊन विकले तर गिऱ्हाईकही समजून घेते. न सांगता विकले तर दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक बंद यंत्र घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहते, आणि गाव लहान असते.

कायद्याचीही एक बाजू आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने स्वतःच्या जबानीवर वेगळी हमी दिली आणि माल तसा निघाला नाही, तर जबाबदारी त्या विकणाऱ्यावर येऊ शकते. तेव्हा गिऱ्हाईक खेचण्यासाठी ‘पाच वर्षे पार्ट मी देतो’ असे बिलावर लिहून देण्यापूर्वी विचार करा. 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी असा त्याचा हेतू आहे. मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारे यांबरोबर घरगुती उपकरणेही त्यात धरली आहेत. महाग यंत्र दुकानात ठेवण्यापूर्वी त्या कंपनीने तिथे काय लिहिले आहे ते पाहून घ्यायला हरकत नाही.

जकातीच्या हिशेबातही बंद पडलेल्या मालाचा प्रश्न येतो. तिजारतीच्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरायची नसते. साल पूर्ण होते त्या दिवशी बाजारात जो भाव आहे तो धरायचा, असे उलमा सर्वसाधारणपणे सांगतात. बंद झालेल्या मॉडेलचे वीस नग गोदामात असतील तर त्यांचा आजचा भाव खरेदीपेक्षा खाली गेलेला असू शकतो, किंवा माल दुर्मिळ झाल्याने वरही गेलेला असू शकतो. जो असेल तो ईमानदारीने लावून अडीच टक्क्यांचा हिशेब करावा. कुणाला शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पण ‘हा माल मेलेला आहे’ म्हणून तो मोजायचाच नाही, हे बरोबर नाही.

आता दुरुस्तीचे काम करणाऱ्या मिस्त्री लोकांसाठी. माल बंद होतो तेव्हा कंपनीचा धंदा संपतो, पण मिस्त्रीचे काम त्या दिवसापासून वाढते. हजारो यंत्रे घराघरात आणि दवाखान्यांत असतात आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र हात वर करते. मोटर बहुधा चांगली असते. जळाली तरी वाइंडिंग करता येते, कार्बन ब्रश थोडा घासून बसवता येतो. अडते ते भांडे, पाते, बुश आणि कपलर यांच्यापाशी. पितळी बुश कुठलाही चांगला खरादीवाला उतरवून देतो, फक्त त्याला माप बरोबर मिळाले पाहिजे. भांड्याखालून ओल मोटरीत उतरते ती याच झिजलेल्या बुशातून, आणि मग मोटरीला नाव ठेवले जाते. पात्याच्या दांड्याचे आटे उजवे की डावे हेही तपासावे लागते, कारण पाते फिरण्याच्या दिशेने ते सैल होऊ नयेत अशी त्यांची रचना असते. उलटे आटे पाडून दिलेले पाते पहिल्याच दळणात सुटते आणि भांडे फोडते.

म्हणून चालू मॉडेलची यंत्रे दुरुस्तीला येतात तेव्हाच एक काम करून ठेवावे. नव्या बुशाचा, कपलरचा आणि पात्याच्या दांड्याचा एक एक नमुना बाजूला काढावा, माप वहीत उतरवून घ्यावे, नमुना कागदात गुंडाळून त्यावर मॉडेलचे नाव व साल लिहावे. भंगारात जाणारे त्याच मॉडेलचे यंत्र मिळाले तर किलोच्या भावाने घेऊन भांडे आणि पाते तेवढे काढून ठेवावे. दावतीच्या मोसमात बावर्ची जायफळाची पुडी घेऊन दारात उभा राहतो तेव्हा त्याला भाव विचारायला वेळ नसतो.